तारा आणि बैलजोडी

१९६३ च्या जूनमध्ये मी स्वतंत्र पक्षाच्या मुंबईतल्या कचेरीत कामाला लागलो. वय एकवीस. मराठी अक्षर बरं होतं, इंग्रजी बेताचं. पहिल्याच दिवशी चार पानांचं एक इंग्रजी पत्रक हातात आलं आणि सांगण्यात आलं, ‘याचं मराठी करा.’ तिसऱ्या ओळीतच ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द होता. तिथे मी दोन दिवस अडून बसलो.

कोशात ‘पुराणमतवादी’ सापडला. ‘सनातनी’ सापडला. वर्तमानपत्रं आमच्या पक्षाला ‘प्रतिगामी’ म्हणत, तोही डोळ्यांपुढे होता. यातला एकही शब्द लिहायला हात धजेना. खेड्यातल्या माणसाला ‘सनातनी’ म्हटलं की सोवळं-ओवळं आठवतं. आमच्या पत्रकात तर सोवळ्याचा विषयच नव्हता. विषय होता शेतकऱ्याच्या जमिनीचा, दुकानदाराच्या लायसन्सचा आणि सरकारी खर्चाचा. कचेरीत एक निवृत्त शिक्षक येऊन बसत, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी माझा कागद ओढून घेतला, शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘जपून पावलं टाकणारा’. मग म्हणाले, “हे बघ, घर मोडायच्या आधी राहायचं कुठं ते विचारणारा माणूस गावात असतो ना? तो.” पुढची आठ वर्षं मी त्या कचेरीत मराठी लिहीत होतो, आणि त्या एका शब्दाला याहून चांगलं मराठी मला सापडलं नाही.

पक्षाचे संस्थापक राजाजी यांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा शब्द वर्ज्य नव्हता. पक्षाचे दुसरे मोठे नेते मिनू मसानी स्वतःला उदारमतवादी म्हणवत. एकाच पक्षात दोघं होते आणि दोघांचंही मला पटे. पण पत्रक वाचून मी पक्षात आलो नव्हतो, मी आलो होतो विहिरीमुळे.

आमच्या वडिलांनी १९६१ मध्ये विहीर खणली. दुष्काळी तालुक्यात चौदा एकर जिरायत, त्यात पाणी लागलं म्हणून घरात सण होता. विहीर बांधून काढायला सिमेंट हवं आणि सिमेंटला परमिट. वडिलांनी अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीत आठ महिने खेपा घातल्या. कधी साहेब फिरतीवर, कधी कोटा संपलेला, कधी सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव कसं ही विचारणा. पैसे घरात होते, गवंडी ठरलेला होता, पाणी लागलेलं होतं. परमिट हातात पडलं तेव्हा एक पावसाळा होऊन गेला होता आणि विहिरीची एक बाजू आत ढासळली होती. वडील कुणालाच काही बोलले नाहीत. ते कडेला उभे राहून खाली बघत होते, ते मी पाहिलं. ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हे राजाजींचे शब्द पुढे वाचनात आले तेव्हा त्यांचं भाषांतर करावं लागलं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात तिन्ही शब्द जसेच्या तसे कळत.

पक्षाच्या जन्माचं कारण आपल्याच मातीत घडलं होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. बांध मोडायचे, जमिनी एकत्र करायच्या, मिळून कसायच्या. त्याच अधिवेशनात चौधरी चरणसिंगांनी ठरावाला उघड विरोध केला होता. जूनमध्ये मद्रासला ऐंशी वर्षांच्या राजाजींनी नव्या पक्षाची घोषणा केली आणि १ व २ ऑगस्टला मुंबईत पहिलं संमेलन भरलं. एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मसानी सरचिटणीस. पक्षाने एकवीस तत्त्वं जाहीर केली. ‘शेत आणि कुटुंब’ हा सगळ्याचा गाभा होता: माणसाची जमीन त्याची, घर त्याचं, आणि सरकारने या दोन्हींच्या उंबऱ्याबाहेर थांबावं.

मात्र १९५९ सालच्या मराठी माणसाचं मन कुठे होतं? संयुक्त महाराष्ट्रात. गोळीबारात माणसं गेलेली, मुंबई मिळते की जाते ही धास्ती, आणि अशा वेळी मुंबईत एक पक्ष निघतो. त्याच्या व्यासपीठावरची नावं मसानी, मुनशी, सर होमी मोदी. आमच्या गावात लोकांनी नावं वाचली आणि निकाल देऊन टाकला: शेटजींचा पक्ष. तो निकाल अन्यायाचा होता असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण त्यावर पुराव्यानिशी उत्तर देण्यासाठी आमच्याकडे गावोगाव माणसं लागत होती आणि ती नव्हती.

कचेरीतलं काम साधं होतं. सकाळी आठ-दहा वर्तमानपत्रं यायची. त्यातली कात्रणं कापायची, खळीने कागदावर डकवायची, तारीख घालायची. दुपारी स्टेन्सिल कापायची, मग सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. शाई नखांत जाऊन बसे, जेवताना हात धुतले तरी निघत नसे. संध्याकाळी पाकिटं, तिकिटं, टपालपेटी. इंग्रजी पत्रकांच्या हजारो प्रती निघत, मराठीच्या कमी, आणि त्याही परत येत. कारण पत्ते जुने असत. जिल्ह्याच्या गावी आमचा माणूस म्हणजे बहुधा एखादा वकील किंवा व्यापारी. सज्जन, वाचणारा, स्वतःच्या खिशातून खर्च करणारा. त्याच्या घरी कपाटात आमची पत्रकं नीट लावलेली असत. वाड्याबाहेर ती गेलेली नसत.

तरीही त्या दिवसांत उत्साह होता. मी रुजू झालो त्याच्या महिनाभर आधी मसानी राजकोटची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत गेले होते. १९६२ मध्ये पक्षाच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या १८ जागा आल्या होत्या. जयपूरहून गायत्रीदेवी २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं घेऊन निवडून आल्या होत्या. बिहार विधानसभेत ५० आमदार. महाराष्ट्राच्या रकान्यात मात्र शून्य होतं. पक्षाचं मुख्य कार्यालय ज्या शहरात, त्याच राज्यात एकही आमदार नाही! मास्तर तो तक्ता भिंतीवर लावू देत नसत.

महाराष्ट्रात शून्य का, याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. १९६७ च्या निवडणुकीत, दोन महिन्यांत, पायी हिंडून मिळालं.

डिसेंबर १९६६ मध्ये मला पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विधानसभा मतदारसंघात पाठवलं. नाव लिहीत नाही, उमेदवाराची माणसं अजून त्या गावात राहतात. उमेदवार पन्नाशीचा, बागायतदार, शब्दाचा पक्का. आमची निशाणी तारा. भिंतीवर काढायला सोपी होती; चुना, नीळ, एक कुंचला, आणि शाळेतली पोरं हौसेने पाच टोकं काढून देत. काँग्रेसची निशाणी बैलजोडी. शेतकऱ्याच्या हक्कासाठी निघालेला पक्ष शेतकऱ्याला सांगत होता की बैलांवर शिक्का मारू नका. एका वस्तीवर मी तांदूळ निवडत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना चिठ्ठी दिली आणि ताऱ्याची खूण दाखवली. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी बघितली आणि म्हणाल्या, “लेकरा, दावणीचे बैल सोडून आभाळातल्या चांदणीला कसं मत देऊ? वर्षभर पोट त्येंच्यावर हाय.” मी ‘आजी, ती फक्त निशाणी’ वगैरे सांगू लागलो. त्यांनी माझ्यापुढे गूळ-पाणी ठेवलं आणि विषय संपवला.

निशाणीचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी अडचण ‘सहकार’ या शब्दाची होती.

आमच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत होतं, ‘सहकारी शेतीला विरोध’. ते मराठी माझंच. कचेरीत बसून लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. गावात पहिल्याच सभेत एक पाटील उठले. “साहेब, तुमचा पक्ष सहकाराच्या विरोधात, म्हंजी कारखान्याच्या विरोधात का?” मी म्हणालो, नाही, आमचा विरोध जमिनी एकत्र करायला. ते म्हणाले, “आन् सोसायटीला?” सोसायटीलाही नाही. “मग इथं सहकार लिवलंय त्ये काय?”

त्या माणसाच्या घरात कारखान्याचा शेअर होता. ऊस कारखान्याला जात होता. पीककर्ज सोसायटीचं होतं. मुलगा शिकत होता ती शाळाही कारखान्याच्याच आधाराने उभी होती. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेला १९५० च्या सुमारास कारखाना उभा केला, त्यानंतर पंधरा वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात ‘सहकार’ हा शब्द देवघरात जाऊन बसला होता. नागपूरच्या एका ठरावाशी भांडताना मी महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला सगळ्यात जवळच्या शब्दावर घाव घातला होता. ‘संयुक्त शेतीला विरोध, सहकारी कारखान्याला पाठिंबा’ अशी नवी पत्रकं काढायला आठ दिवस गेले. तोवर कारखान्याची जीप गावोगाव फिरून सांगून आली होती की तारा निवडून आला तर कारखाना बंद.

त्या काळी विधानसभेची अनामत अडीचशे रुपये होती आणि ती वाचवायला एकूण मतांचा सहावा हिस्सा लागे. आमच्या उमेदवाराची अनामत गेली. काँग्रेसविरोधातला जो शेतकरी होता त्याच्यासाठी शेतकरी कामगार पक्ष आधीपासून होताच, त्याचे १९ आमदार आले. कसेल त्याची जमीन या कायद्याने ज्याला जमीन मिळाली होती तो कूळ, जमिनीचा हक्क राखा असं सांगणाऱ्या पक्षाकडे संशयाने बघत होता. त्याला वाटे, हक्क कुणाचा राखायचा? जुन्या मालकाचा की माझा? हा प्रश्न अगदी रास्त होता. ‘तुझा’ हे उत्तर आम्ही पहिल्या दिवसापासून, मोठ्याने, त्याच्याच भाषेत द्यायला हवं होतं. राज्यभर पुन्हा शून्य.

मात्र मतदानाआधी तीन आठवडे मला तिथून काढून गुजरातेत खेडा जिल्ह्यात पाठवलं गेलं होतं. तिथे जे पाहिलं त्यामुळे मी पुढची वर्षं टिकून राहिलो.

आणंदजवळच्या एका गावात मी उतरलो होतो. सकाळी सहाला दूध संकलनाच्या खोलीपुढे रांग लागे. बायका डोक्यावर लहान घागरी घेऊन येत, दूध मापात ओतलं जायचं, बाटलीत नमुना, फॅट बघायची, वहीत आकडा. रांगेत पाटीदार, क्षत्रिय, सगळे एकामागे एक. हे सगळं सहकारीच. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ सालचा. आणि त्या रांगेच्या पाठीमागच्या भिंतीवर भलामोठा तारा रंगवलेला! मी बुचकळ्यात पडलो. शेजारी उभ्या असलेल्या तंबाखूच्या शेतकऱ्याला मोडक्या गुजरातीत विचारलं, भाई, इथे सहकार चालतो आणि मत ताऱ्याला, हे कसं? तो हसला. म्हणाला, दूध भेगुं, जमीन नोखी. दूध एकत्र, जमीन आपापली. चार शब्द. आमचा एकवीस कलमांचा जाहीरनामा त्याने दुधाची किटली खाली न ठेवता सांगितला.

त्या रात्री मी ते चार शब्द पोस्टकार्डावर लिहून मास्तरांना पाठवले.

तिथे पक्षाचे पुढारी म्हणजे भाईलालभाई पटेल. लोक त्यांना भाईकाका म्हणत. इंजिनीअर माणूस, वल्लभ विद्यानगर उभारणारा. गावातला मुलगा त्यांनी उभारलेल्या कॉलेजात शिकलेला असे, मग त्याच्या बापाला ‘भाईकाकांचा पक्ष’ एवढं पुरे. पाटीदार आणि क्षत्रिय या दोन समाजांचं एरवी पटत नसे, त्यांनाही त्यांनी एका दावणीला आणलं होतं. गुजरातमध्ये १६८ पैकी ६६ जागा आल्या, लोकसभेच्या २४ पैकी १२. म्हणजे पक्ष तोच, जाहीरनामा तोच, तारा तोच. एका ठिकाणी आमच्या माणसांनी आधी काहीतरी उभारलं होतं आणि मग मत मागितलं होतं. दुसरीकडे आम्ही पत्रकाचा गठ्ठा घेऊन गेलो होतो. महाराष्ट्रात उभारणारे सगळे काँग्रेसमध्ये होते. लहान पक्षाने निवडणूक लढवण्याच्या दहा वर्षं आधी एखाद्या तालुक्यात काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी खेडा जिल्ह्याचीच गोष्ट सांगतो.

१९६७ चा निकाल लागला त्या रात्री कचेरीत कुणी घरी गेलं नाही. लोकसभेत ४४ जागा. काँग्रेसनंतर सगळ्यात मोठा पक्ष आम्ही. ओरिसात आर. एन. सिंगदेव मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले, विरोधी पक्षाच्या माणसाला ते पद मिळण्याची ती पहिली वेळ. सरकारच्या खर्चाचा हिशेब सरकारबाहेरच्या माणसाने तपासायचा, ही प्रथा तेव्हापासून रुजली आणि आजही आहे. लहान पक्षाने देशाला काय दिलं असं विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगतो.

पण त्या ४४ मध्ये किती आपले आणि किती पाहुणे, हे आम्हाला कळायला हवं होतं. बिहारचा धडा आधीच मिळाला होता. रामगढचे राजे कामाख्या नारायण सिंह यांच्या बळावर तिथे १९६२ मध्ये ५० आमदार आले. राजेसाहेब काँग्रेसमध्ये गेले, १९६७ मध्ये तीन उरले. राजस्थानात, ओरिसात मतं पक्षाला कमी आणि गादीला जास्त मिळत होती. माझा राजेमंडळींवर राग नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःची माणसं, स्वतःचे पैसे घातले. गायत्रीदेवींनी तर शेवटपर्यंत साथ दिली. पण उसनं मत हे उसन्या बैलासारखं असतं. पेरणीच्या दिवशी मालक घेऊन जातो.

पैशाचंही तेच. शेटजींचा पक्ष म्हणून आम्ही बोलणी खाल्ली. प्रत्यक्षात मोठे कारखानदार लायसन्स देणाऱ्या पक्षाकडे जास्त देत आणि आमच्याकडे लपूनछपून. १९६९ मध्ये कायदा बदलून कंपन्यांनी पक्षांना देणगी देण्यावर बंदी आली. आमचा झरा त्या दिवशी आटला. सत्तेतल्या पक्षाला पैसा इतर वाटांनी मिळतच राहिला. त्याच वर्षी जुलैत चौदा बँका सरकारने घेतल्या. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते स्वतंत्र पक्षाचेच रुस्तम कावसजी कूपर. त्यांची बाजू नानी पालखीवालांनी मांडली. १० फेब्रुवारी १९७० ला अकरापैकी दहा न्यायमूर्तींनी तो कायदा रद्द ठरवला. आम्ही पेढे वाटले. चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि बँका पुन्हा सरकारच्या. न्यायालयात जिंकलो होतो, पण बाहेर रस्त्यावर टॅक्सीवाले, पानवाले, सगळे बँका घेतल्या म्हणून खूश होते. कारण त्यांना आजवर कुठल्याही बँकेने दारात उभं केलं नव्हतं. हे आमच्या पत्रकांत कधी आलं नाही. मी लिहून बघितलं होतं, छापलं गेलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्याची मला आजही खंत आहे.

१९७१ ची निवडणूक आली. संघटना काँग्रेस, जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि आम्ही अशी आघाडी झाली. घोषणा: ‘इंदिरा हटाओ’. उत्तरादाखल ‘गरिबी हटाओ’ आली आणि त्या दोन शब्दांतच निवडणूक संपली. मला मराठी पत्रक लिहायचं होतं. बँका परत करा असं लिहू की नको? आमच्याच आघाडीतल्या समाजवाद्यांना बँका सरकारकडे हव्या होत्या. जमिनीच्या कमाल धारणेबद्दल लिहू? त्यांना ती आणखी खाली हवी होती. मग उरलं काय? एका बाईला हटवायचं एवढंच. ‘शेत आणि कुटुंब’ त्या पत्रकात कुठेच बसेना. आठ वर्षांत पहिल्यांदा मी लिहिलेलं मराठी मलाच खोटं वाटलं.

४४ च्या आठ जागा झाल्या. मसानी एव्हाना पक्षाचे अध्यक्ष झाले होते; ते राजकोटला पडले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी गुजरात विधानसभेत ६६ वरून शून्य. भाईकाका १९७० मध्येच गेले होते. मी १९७१ च्या उन्हाळ्यात काम सोडून एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो, पण संध्याकाळी कचेरीत जाणं सुटलं नाही. २५ डिसेंबर १९७२ ला राजाजी गेले. मास्तरांनी त्या दिवशीचं कात्रण स्वतः कापलं, कुणाला हात लावू दिला नाही.

ऑगस्ट १९७४ मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोक दलात विलीन झाला. नागपूरच्या ठरावाला अधिवेशनात उभं राहून विरोध करणारे तेच चरणसिंग. तेव्हा जाणाऱ्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मसानींना ते मान्य नव्हतं आणि महाराष्ट्र शाखेने विलीन व्हायला नकार दिला. सगळ्यात दुबळी शाखा, एकही आमदार नाही, आणि तीच राहिली! मी त्या बैठकीला भिंतीशी उभा होतो. खुर्च्या भरल्या नव्हत्या. हात वर झाले तेव्हा मीही केला. मोठ्या राज्यांतल्या शाखांकडे गमावण्यासारखं आणि मिळवण्यासारखं बरंच होतं. आमच्याकडे फक्त मत होतं, ते आम्ही ठेवून घेतलं.

आणीबाणीत त्या राहिलेल्या मूठभरांची किंमत कळली. मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातले लेख सेन्सॉरने अडवले, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये जिंकले. त्या काळात बहुतेक छापखान्यांत आम्ही लोक अर्धी पानं कोरी टाकून घरी जात होतो. निकाल वाचल्यावर आमच्या कंपॉझिटरने मला विचारलं, “तुमचा तो पक्ष गेला म्हणत होता ना?” मी म्हणालो, पक्ष गेला, माणूस आहे.

१९९१ मध्ये लायसन्स राज मोडायला सुरुवात झाली. मोडलं काँग्रेसने. आमची जुनी पत्रकं मी माळ्यावरून काढून वाचली. अर्थमंत्र्यांच्या भाषणातली कितीतरी वाक्यं त्यांत होती. आनंद झाला का? झाला. वडील हयात नव्हते, सिमेंट आता दुकानात मागेल तितकं मिळत होतं. ज्या विचारापायी अनामती गेल्या तो खरा ठरला, याचा आनंद लपवावा असं मला वाटत नाही. त्याच विचाराच्या वाटेने शरद जोशी शेतकऱ्यांना घेऊन निघाले होते. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला तेव्हा नाव ठेवलं ‘स्वतंत्र भारत पक्ष’. त्यांच्यामागे कांद्याच्या, उसाच्या, तंबाखूच्या आंदोलनांतून आलेली लाखो माणसं होती, आमच्यामागे कधीच नव्हती. तरी २००४ मध्ये विधानसभेत त्यांची एकच जागा आली, राजुऱ्याची. गर्दी सभेला येते आणि मत दुसरीकडे जातं, हे त्यांनाही भोगावं लागलं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. हारजीत आम्ही सोसली. मतदाराने नाकारलं, त्याला तो हक्क होता. पण एक गोष्ट मतदाराने केलेली नाही.

१९८९ पासून नव्या पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं की आम्ही समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा ठेवतो. महाराष्ट्रातल्या आमच्या उरलेल्या मंडळींनी नोंदणी मागितली, पण ते वाक्य लिहायला नकार दिला. नोंदणी मिळाली नाही. त्यांच्यातले एस. व्ही. राजू आणि एल. आर. संपत हे १९९६ मध्ये त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. शरद जोशींनी राज्यसभेत ते शब्द काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. काही झालं नाही. आज देशात असे पक्ष आहेत ज्यांचा समाजवादावर काडीचा विश्वास नाही, तरी त्यांच्या घटनेत ते वाक्य आहे, कारण त्याशिवाय निशाणी मिळत नाही. ज्यांनी खोटं लिहायचं नाकारलं, त्यांचा पक्ष मतपत्रिकेवर आलाच नाही.

मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. मला पक्ष काढायचा नाही. तुमच्यापैकी कुणी समाजवादी असेल, कुणी कम्युनिस्ट, कुणी काँग्रेसचा, कुणी भाजपचा. समाजवाद पटतो त्यांनी तो मांडावा, गावोगाव न्यावा, त्यावर निवडून यावं. फक्त ज्याला तो पटत नाही त्याच्याकडून तशी शपथ लिहून घेऊ नका. तुमच्या खासदाराला एकदा विचारा की कलम २९-अ मधली ती ओळ अजून का आहे.

ती आजही आहे.